पुढच्याच्या पुढे कोण

नेरेइदाबाईंनी जावयाला, योस्वेलला, रविवारपर्यंतची मुदत दिली होती. मालिकेचा शेवटचा भाग लागला तेव्हा नेमकी वीज गेली होती. तो भाग घरी आला नाही, तर गच्चीवरचा अँटेना खाली येणार आणि त्याच्या खांबावर चादरी वाळणार. घर त्यांचं, गच्ची त्यांची. योस्वेलचं मात्र सगळं आयुष्य त्या खांबाला लटकलेलं. हवानाच्या त्या वस्तीत गच्चीगच्चीवरून तारा ओढून, अँटेना लावून लोकांनी आपापले संगणक जोडले होते. मधलं मोठं यंत्र नाही, मालक नाही. ज्याचं जे असेल ते त्याच्याच घरी.

मग शोधायचं कसं? योस्वेलने आधी सगळ्यांना एकदम विचारून पाहिलं. प्रत्येकाच्या संगणकाने शेजाऱ्यांना विचारलं, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं जाळं सासूबाईंच्या मालिकेची चौकशी करत बसलं. खेळ अडकलेल्या पोरांनी गच्च्यांवरून योस्वेलच्या आईचा उद्धार केला.

तेव्हा त्याला रांग सुचली. पावाच्या दुकानापाशी ओळीत कोण उभं राहतं? आल्यावर "शेवटचं कोण?" असं विचारायचं, हात वर करील त्याला लक्षात ठेवायचं आणि सावलीत बसायचं. पूर्ण रांग कुणालाच माहीत नसते, तरी ती चुकत नाही. त्याने संगणकांचीही तशीच रांग लावली: प्रत्येकाने आपल्या पुढचा लक्षात ठेवायचा, दोन-चार लांबच्या ओळखी ठेवायच्या आणि प्रश्न पुढे सरकवायचा.

शनिवारी प्रश्न निघाला आणि मधेच मेला. एका घरची वीज गेली होती, आणि त्याच्या मागच्याला पुढचा रस्ताच ठाऊक नव्हता.

"जावईबापू, सापडलं का?"

"शोधतोय, सासूबाई."

"मग जाऊन पाव आण. तो तरी सापडेल."

दुकानापाशी टोपीवाल्या एका लठ्ठ गृहस्थाने हात वर केला. योस्वेल सावलीत बसला. थोड्या वेळाने पाहतो तर टोपी गायब.

"कंटाळून गेला तो," एक बाई म्हणाली. "कुणाच्या मागे होता?"

"मला काय माहीत?"

"विचारलं नाहीस? कुठल्या देशातून आलास रे राजा?"

"रोज सासू येते."

"मग तिलाच पाठवत जा."

सगळी सावली हसली. योस्वेलला पुन्हा रांगेच्या शेवटी जावं लागलं, आणि त्याची पाळी येण्याआधी पाव संपला. तो रिकाम्या हाताने, पण पळत घरी आला. आता प्रत्येक संगणक पुढचा कोण हे तर विचारणारच, पुढच्याच्या पुढे कोण हेही विचारून ठेवणार होता.

रविवारी दुपारी शेवटचा भाग पडद्यावर आला. नेरेइदाबाई झुलत्या खुर्चीत बसल्या.

"कुणाकडून आला?"

"मला माझ्या पुढचा माहीत. चौकातला रेमिहियो."

"त्याच्याकडे होता?"

"नाही. त्याने पुढे विचारलं."

"आणि रेमिहियोच्या पुढे कोण?"

कालपर्यंत योस्वेलला हे खरोखरच सांगता आलं नसतं.

"मिग्दालिया. तिच्याकडूनच आला," तो पुटपुटला.

मिग्दालिया भिंतीपलीकडचीच. रेशनच्या कोंबडीच्या रांगेत तिने आपल्या चार चुलतबहिणी मधे घुसवल्यापासून तिचं आणि सासूबाईंचं बोलणं बंद होतं. योस्वेलने छताकडे पाहिलं. खुर्ची झुलायची थांबली होती.

"आवाज वाढव."

"ऐकू येतंय की, सासूबाई."

"मला येतंय. तिला यायला नको?"

चादरी त्यांनी संध्याकाळी खांबाला बांधल्याच. अँटेना मात्र वर राहिला.