कूपनावरचं खाणं

विमान बंगळुरूहून उडायलाच तासभर उशीर झाला.  नांदेडच्या दवाखान्यात दगडोबाच्या धाकट्या भावाला, भागवतला, बारा वाजता ऑपरेशनला आत घेणार होते. हृदयाचं काम. दगडोबा पट्टा सोडायचा, पुन्हा लावायचा, खिडकीतून खाली डोकवायचा आणि शेजारच्या पुतण्याला विचारायचा, "आलं का नांदेड?"

"आत्ताच तर निघालो, मोठे बापू," अमरनाथ म्हणाला. भागवतचा हा पोरगा बंगळुरूत नोकरीला, आठवड्यातून दोनदा विमानात बसणारा. दगडोबा तिथंच लेकीकडे आला होता. रात्री फोन आला, जावयानं दगडोबाचं तिकीट काढलं आणि पहाटे दोघं चहाही न घेता निघाले.

खाण्याची गाडी जवळ आली तसा अमरनाथनं मोबाईल काढला. "दोन कूपनं हायेत. खायला एक, प्यायला एक, फुकट. नेहमी जाणाऱ्याला विमानवाले देतात. मुदत आजच संपणार. काय घेता?"

"कूपन कोणाच्या नावचं?"

"माझ्या."

"आणि तू कोणाच्या घरचा?"

अमरनाथनं कपाळाला हात लावला. अकरा वर्षांमागं भागवतनं दोघांच्या बांधावरचा कडुलिंब न विचारता तोडला होता, आणि दगडोबानं मुखेडच्या भर बाजारात आण घेतली होती की तुझ्या घरचा घास आणि पाण्याचा घोट मला हराम. तेव्हापासून भावाच्या घरी लग्न असो की मयत, दगडोबा खांद्याला स्वतःची बाटली अडकवून जायचा. गावानं थट्टा केली, पण पठ्ठ्या हटला नाही. राग कधीच निवला होता. आण मोडायची कशी, तेवढं मात्र त्याला सुचत नव्हतं, आणि भागवतनंही कधी विषय काढला नाही. दोघंही एकाच बापाचे. आज गडबडीत ती बाटली टॅक्सीतच राहिली.

"हे आमच्या घरचं कसं, मोठे बापू? चूल पेटली न्हाई, मायनं थापलं न्हाई. मी नुसता बसून फिरलो, त्याचं हे."

"बसून का असंना, कमाई भागवतच्या घरचीच."

हवाईसुंदरी हसून उभी होती. अमरनाथनं तिला कूपनं दाखवली. तिनं पनीरच्या सँडविचचा डबा आणि संत्र्याचा रस दगडोबाच्या पुढ्यात ठेवला. दगडोबानं डबा एका बोटानं पलीकडे सरकवला. वास नाकात शिरला तशी भूक खवळली.

तो पुन्हा खिडकीकडे वळला. खाली नुसते ढग. आणि भागवत आत गेला, तो बाहेर आलाच नाही तर? आण राहील आणि ज्याच्यापायी घेतली तो माणूसच नसेल. मग ती सोडायची कोणाकडे?  दगडोबानं डबा ओढून मांडीवर घेतला.

"खाता?" अमरनाथ उजळला.

"न्हाई. संगं नेतो. मोडायची तर त्याच्यासमोर मोडीन. वर ढगात खाल्लेलं कोणी बघितलं?"

"आणि रस?"

"तू पी. पाण्याच्या घोटाचं काय ते भागवतनं बघायचं."

दवाखान्यात पोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. भागवतला स्ट्रेचरवर घेतलं होतं. हिरव्या कपड्यात तो निम्मा झालेला दिसला.  दगडोबानं उभ्या उभ्याच डबा उघडला आणि सँडविचचा मोठा घास तोडला.

"काका, इथं खायचं नाही," नर्स म्हणाली.

भागवत टक लावून बघत होता. "हे काय, दादा?"

"तुझ्या पोराच्या कूपनाचं. तुझ्या घरचं खाऊन राहिलो."

सकाळपासून तोंड कोरडं, त्यात तो पाव. घास घशात अडकला आणि दगडोबाला असा ठसका लागला की डोळे पांढरे व्हायची वेळ आली. भागवतनं सलाईनची सुई लावलेला हात उशाशी उभ्या बायकोकडे नेला, तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली चाचपली आणि पुढे धरली.

"पाणी पी, दादा."

दगडोबानं ती दोन्ही हातांनी घेतली. घटाघटा प्याला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ठसक्याचं नव्हतं, आणि त्यानं ते पुसलंही नाही. भागवत एकेक घोट मोजल्यासारखा बघत होता.

"जरा दमानं पी," तो म्हणाला. "मला रात्रीपासून थेंब दिला न्हाई ह्यांनी."

दगडोबा थांबला. बाटली अर्धी झाली होती. त्यानं झाकण घट्ट लावलं.

"उरलेलं तुझं. भाईर आलास की पी. तवर मी धरून बसतो."

स्ट्रेचर आत गेलं. दगडोबा दारासमोरच्या बाकड्यावर बसला. दोन वाजले, तीन वाजले. अमरनाथनं चहा आणला, तो तसाच गार झाला. घसा कोरडा पडत होता, तरी दगडोबानं झाकण काही उघडलं नाही.