बारा इंच कमी

गुंडी सतरा महिन्यांची झाली तरी टेपाशिवाय पाऊल टाकत नव्हती. टेप म्हणजे शिंप्याचा, माप घ्यायचा, साठ इंची. तिचे वडील शिंपी होते. सगळा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणायचा, आणि पोरीचं चांगलं ठेवलेलं नाव बाजूला सारून तिला गुंडी म्हणायला सुरुवात त्यांनीच केली होती. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये अर्धा दिवस कामाला जायची, आणि तेवढा वेळ गुंडी कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या राज्यात सुखाने नांदायची.

महिन्याभरापूर्वी मास्तरांच्या गळ्यातून लोंबणारं टेपाचं टोक धरून ती पहिल्यांदा उभी राहिली, आणि पुढे टेप धरूनच चालायला लागली. साठाचं टोक तिच्या मुठीत, एकाचं मास्तरांच्या चिमटीत. स्वारी अशी खोलीभर फिरायची. टेप ढिला पडला तरी तिची हरकत नसायची, फक्त दुसरं टोक बाबांच्या हातात हवं. त्यांनी ते सोडलं की ती मागे वळून त्यांच्याकडे बघायची आणि जागच्या जागी बसकण मारायची. मग जग इकडचं तिकडे झालं तरी बाईसाहेब हलायच्या नाहीत.

मास्तरांना याची भलतीच ऐट होती. गिऱ्हाईक आलं की ते काही ना काही निमित्त काढून टेप घेऊन उठायचे आणि एक फेरी मारून दाखवायचे.

पण येत्या सोमवारपासून लॅबने आईला पूर्ण दिवस बोलावलं होतं. गुंडीचा हात आता कात्रीपर्यंत पोचायला लागला होता, दोनदा तोंडातून टाचणी काढावी लागली होती, म्हणजे तिला दिवसभर दुकानात ठेवायची सोय उरली नव्हती. पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघरात एक जागा होती खरी, पण तिथला नियम कडक. मूल आपल्या पायांनी आत आलं पाहिजे. दोन ताई आणि चौदा पोरं, कुणाकुणाला कडेवर घेणार? सोमवारी गुंडी चालत आत गेली तर जागा तिची, नाहीतर आईची नोकरी गेल्यातच जमा होती.

"अहो, आठ दिवस हातात आहेत," आई म्हणाली. "तेवढ्यात तो टेप सुटायला हवा."

"सुटेल की. ओढाओढ केली तर कापड फाटतं. एकेक टाका उसवू."

मास्तरांनी शिंप्याच्या डोक्याने तोड काढली. गुंडीसाठी एक जुना टेप घेतला आणि रोज सकाळी आपल्या टोकाकडून दोन इंच कापायचे असं ठरवलं. टेप आखूड होत होत संपेल आणि पोरीला पत्ताही लागणार नाही. झालं उलटंच. टेप जितका तोकडा झाला तितकी गुंडी बाबांना येऊन चिकटली. सहा दिवसांत टेप बारा इंच कमी झाला आणि पोरगी बारा इंच जवळ आली.

मधल्यामध्ये मंगळवारी मुख्याध्यापक कोटाचं माप द्यायला आले. जुनं गिऱ्हाईक, वहीत छाती अडतीस लिहिलेली. मास्तरांनी गडबडीत गुंडीचाच टेप उचलला. वीस वर्षांचा सरावलेला हात, टोकाकडे बघतो कोण? छाती बेचाळीस भरली.

"सर, तब्येत सुधारली की. चांगली चार इंच," मास्तर म्हणाले.

मुख्याध्यापकांचा चेहरा खर्रकन उतरला आणि ते निघून गेले. शनिवारी कोट घालून बघायला आले तेव्हा त्या कोटात आणखी एक मुख्याध्यापक सहज मावला असता. मास्तरांची नजर गुंडीच्या टेपाकडे गेली. मुख्याध्यापक मात्र आरशासमोर वळून वळून स्वतःला न्याहाळत होते.

"चार दिवसांत चार इंच, मास्तर. चहातली साखर बंद केली, जिने चढलो, रात्रीचं जेवण निम्मं. बायको म्हणत होती तुमच्याने होणार नाही."

"दिसतंय सर, दिसतंय," मास्तर म्हणाले आणि बाजू टाचायला लागले.

पडद्याआडून आईने सगळं ऐकलं होतं. मुख्याध्यापक गेल्यावर तिने तो टेप उचलून पाहिला. तो तेरापासून सुरू होत होता. ती इतकी हसली की तिला मशीनला धरून उभं राहावं लागलं. हसू ओसरल्यावर मात्र तिने मास्तरांकडे नीट पाहिलं.

"एक खरं सांगा. तिने टेप सोडावा असं तुम्हाला वाटतं ना?"

मास्तर टाचण्या गोळा करत राहिले. वाटत नव्हतं त्यांना. टेबलाखालची ती खुडबुड गेली की दुकानात नुसता मशीनचा आवाज उरणार, या विचारानेच त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पण नोकरी बायकोची होती, आणि ती तिने किती खटपटीने मिळवली होती हेही त्यांना ठाऊक होतं.

"वाटायला हवं," ते म्हणाले.

सोमवारी तिघं पाळणाघराच्या दारात उभे राहिले. गुंडीच्या मुठीत उरलासुरला टेप, दुसरं टोक मास्तरांकडे.

"बाबांनी बाहेरच थांबायचं," मोठ्या ताई म्हणाल्या.

मास्तरांनी टोक सोडलं. गुंडीने वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि उंबऱ्याच्या आत बसकण मारली. आईने घड्याळाकडे पाहिलं. धाकट्या ताईंनी खुळखुळा वाजवला, लाकडी बदक दाखवलं. गुंडी ढिम्म.

पलीकडच्या भिंतीशी आणखी एक पोरगी होती. तीही आजच आलेली, गुंडीएवढीच, अंगात उलटा फ्रॉक. ती मघापासून भोकाड पसरून बसली होती, आणि उठायचं नाव घेत नव्हती. गुंडीने तिच्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. मग दोन्ही हात जमिनीला टेकून ती उठली आणि निघाली.

टेपाचं दुसरं टोक फरशीवरून घसटत चाललं होतं. मास्तरांना हाक मारावीशी वाटली, पण आईने त्यांचा दंड घट्ट धरला. अंतर एकशे दहा इंच तरी असेल, मास्तरांची नजर मापात चुकत नाही. गुंडी दोनदा डुगडुगली, एकदा थबकली, पण बसली नाही. भिंतीशी पोचल्यावर तिने फरशीवरचं टोक ओढून घेतलं आणि रडणाऱ्या पोरीच्या हातात कोंबलं. पोरगी रडायची थांबली. थोड्या वेळाने दोघी टेप धरून खोलीभर फिरायला लागल्या.

"जागा तिची," मोठ्या ताई म्हणाल्या. आई डोळे पुसत लॅबकडे पळाली. मास्तर दुकानात आले. दिवसभर त्यांचं कामात लक्ष लागलं नाही. दोन काजं चुकीच्या बाजूला पडली.

संध्याकाळी दोघं तिला आणायला गेले. गुंडी इतर पोरांमागे चक्क धावत होती, हातात काहीच नव्हतं. टेप खुंटीवर लोंबत होता. मास्तर दारात दिसताच तिने खुंटीकडे धाव घेतली, टेप ओढून काढला, तशीच पळत दारात आली आणि एक टोक त्यांच्या हातात दिलं.

"आता कशाला गं टेप?" आई म्हणाली. "येतं की तुला चालता."

"तिला येतंय हो," मोठ्या ताई म्हणाल्या. "दिवसभर हेच चाललंय. ज्याचं पाऊल उचलत नाही त्याला टोक नेऊन देते."

मास्तरांचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. महिनाभर आपण पोरीला चालवतो आहोत म्हणून ते ऐट मिरवत होते. गुंडी पायरीवर थांबून, मान वळवून, बाबा येताहेत ना ते बघत होती. मास्तरांनी टोक चिमटीत नीट धरलं आणि ती नेईल तसे तिच्या मागे निघाले.