परक्यांच्या टेबलावर

बाबांनी परतीचं तिकीट अलीकडं घ्यायला सांगितलं, तेव्हा मी अनिकाला दहीभात भरवत होते. सहा महिन्यांसाठी नागपूरहून आले होते ते आमच्याकडे, वेस्ट विंडसरला. त्यातले दोन जेमतेम झाले होते.

"राजस, या महिन्याअखेरचं काही मिळते का पाहशील," ते म्हणाले. येताना कोथिंबीर आण म्हणावं, इतक्या सहज.

राजसनं लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. "का बाबा? बरं वाटत नाहीये?"

"मला काय होते? फ्लॅट बंद पडून आहे, बापा. नळाचं पाहावं लागते."

राजसला ते पटलं. मुलगा आहे ना, त्याला वडिलांचं बोलणं जसंच्या तसं पटतं. मला नाही पटलं. नागपूरच्या त्या फ्लॅटचा नळ माझं लग्न झालं तेव्हाही गळत होता, आणि माझ्या सासूबाई, मालिनीआई, त्याखाली पातेलं लावून तेच पाणी कुंड्यांना घालायच्या.

मालिनीआई गेल्यानंतर आम्ही व्हिडिओ कॉल करायचो, तेव्हा बाबा ओट्याशी उभे राहून जेवताना दिसायचे. ताट नाही, कढईतूनच. "बसा ना बाबा," म्हटलं की म्हणायचे, "एकट्यासाठी काय पान मांडायचं?" राजसनं एअरलाइनची साइट उघडली आणि मला ती कढई दिसली.

"आज नको काढूस," मी त्याला आत जाऊन म्हटलं. "रविवारी काढ. शनिवारी आपण बाहेर जेवू या."

"बाहेर जेवल्यानं काय होणारे, स्वानंदी?"

ते मलाही माहीत नव्हतं.

बाबांना इथं काय सलत होतं ते मात्र मला कळत होतं. सकाळी राजस प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेन पकडतो, आणि मग आमच्या टाउनहाउसांच्या रांगेत अशी शांतता पसरते की शेजारच्यांचा ड्रायर ऐकू येतो. फुटपाथ कॉलनीच्या पाटीपाशी संपतो. पुढं नुसता रस्ता. कुठं जायचं तर कुणाला तरी "ने" म्हणावं लागतं, आणि हा माणूस आयुष्यात कुणाला "ने" म्हणालेला नाही. संध्याकाळी तीन-चार आजी-आजोबा नातवंडांना स्ट्रोलरमध्ये घालून फिरतात, पण प्रत्येकाच्या कानाला फोन. भारतात पहाट झालेली असते. बाबा हात वर करायचे. तेही करायचे. संपलं.

आणि हेच बाबा न्यूरेंबर्गमध्ये!

न्यूरेंबर्ग आमच्या आयुष्यात आलं ते व्हिसापायी. राजसचं नाव इथल्या व्हिसाच्या लॉटरीत लागता लागेना, तेव्हा कंपनीनं त्याला वर्षभर जर्मनीच्या ऑफिसात नेऊन ठेवलं. वर्ष भरलं की दुसऱ्या व्हिसावर परत आणायचं. इथल्या आपल्या मुलांमध्ये याला 'पार्किंग' म्हणतात. आम्ही निम्म्या बॅगा उघडल्याच नाहीत. कडेवर तान्ही अनिका, भाषा येत नाही, रविवारी दुकानं बंद. मी त्या शहरात स्टेशनवर बसल्यासारखी बसले होते. एप्रिलमध्ये बाबा आले. मालिनीआईंना जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. बाबा इतके वाळले होते की शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटलेली.

पहिल्याच रविवारी आम्ही बाहेर जेवायला गेलो. किल्ल्याच्या उतारावर एक जुनी खानावळ होती, लाकडी बाकं, लांब टेबलं, खिडक्यांत लाल फुलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. मला वाटलं, नाव लिहून बाहेर थांबवतील. पण मालकीणबाईंनी स्ट्रोलरकडं पाहिलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडं बोट केलं. तिथं एक म्हातारे गृहस्थ जेवत होते. पायाशी कुत्रं.

"तिथं तर माणूस बसला आहे," बाबा म्हणाले.

"इथं असंच असतं, बाबा. टेबल शेअर करायचं," राजस म्हणाला, पण त्याचाही आवाज जरा पडलाच.

"ओळख ना पाळख, अन् लोकांच्या ताटात डोकावत जेवायचं? पंगत आहे का?"

"पंगतच समजा ना," मी म्हटलं. अनिकानं भुकेनं सूर लावला होता, मला कुठंही टेकायचं होतं.

राजसनं जवळ जाऊन विचारलं, "इस्ट हिअर नोख फ्राय?" म्हणजे, इथं जागा आहे का? म्हाताऱ्यानं मान हलवली, कुत्र्याला पायानं आत सरकवलं, आणि आम्ही बसल्यावर बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा टकटक केलं.

बाबा दचकले. "काहून ठोकते हा?"

"नमस्कार केला त्यांनी. टेबलावरच्या सगळ्यांना मिळून एकच."

बाबांनी थोडा विचार केला. मग त्यांनीही टकटक केलं. "बरं आहे," म्हणाले. "हात खरकटा असला तरी जमते."

त्या दिवसांत तिथं पांढऱ्या ॲस्परॅगसचा मोसम असतो आणि सगळं शहर त्याच्यामागं वेडं होतं. बाजारात तेच, पाट्यांवर तेच, ताटांत तेच. आम्हा शाकाहाऱ्यांना बरंच झालं. बाबांसमोर उकडलेले बटाटे, वितळलेलं लोणी आणि ते लांब लांब पांढरे देठ आले. त्यांनी काट्यानं एक उचलून पाहिला.

"शेवग्याच्या शेंगेला ताप आला की अशी दिसत असन." दोन घास खाल्ले आणि शर्टाच्या खिशातून स्टीलची चपटी डबी काढली. जवसाची चटणी. मालिनीआई प्रवासाला निघताना द्यायच्या तीच डबी. चटणी आता ते स्वतः करायला शिकले होते. बटाट्यावर भुरभुरवली, आणि मग, पंगतीतच बसायचं तर पंगतीसारखंच म्हणून की काय, डबी त्या म्हाताऱ्यापुढं सरकवली.

म्हाताऱ्यानं चिमूटभर घेतली. कानांपर्यंत लाल झाला. बिअरचा मोठा घोट घेतला, आणि डबीकडं पुन्हा हात नेला.

त्याचं नाव डीटर. जन्मभर ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात होता. बाबा वीज मंडळातून निवृत्त. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, पण बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांवर दोघांनी अशा काही वायरी, गुंडाळ्या आणि खांब काढले की मालकीणबाईंनी शेवटी नव्या चकत्यांचा गठ्ठाच आणून ठेवला. बाबांनी दोन बटाटे आणखी मागवले. राजसनं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. बाबा बसून जेवत होते.

त्यानंतर त्यांचं चक्रच सुरू झालं. सकाळी अनिकाला स्ट्रोलरमध्ये घालायचं आणि ट्रॅम पकडायची. गावाच्या जुन्या तटाच्या कडेनं फिरायचं, नदीवरच्या लाकडी पुलावर थांबून बदकांना नागपुरी शिव्या द्यायच्या, दुपारी डीटरच्या टेबलावर. हळूहळू मीही जायला लागले. ज्या गावात मी महिनोन् महिने नुसती बसून होते, ते गाव मला सासऱ्यांनी दाखवलं. कुठल्या बेकरीत पावाची टोकं लेकरांना फुकट देतात, कुठल्या चर्चच्या सावलीत बाक आहे. बाजारातल्या उंच कारंज्याच्या जाळीत एक सोनेरी कडी आहे. ती फिरवून मनातलं मागतात. बाबांनी अनिकाला उचलून तिच्या हातानं ती फिरवली. "तिलाच मागू दे," म्हणाले. "मला आता काय मागायचं आहे?"

जूनअखेर ते निघाले, तेव्हा डीटर आम्हाला भेटायला खाली ट्रॅमपर्यंत आला आणि त्यानं स्ट्रोलरच्या दांड्यावर टकटक केलं.

वेस्ट विंडसरला आल्यावर मात्र ती चटणीची डबी जेवताना एकदाही खिशातून बाहेर निघाली नव्हती. मी शर्ट धुवायला घेताना काढून ठेवायचे, ते पुन्हा खिशात घालायचे.

शनिवारी सकाळी आम्ही हायवेवरच्या डायनरमध्ये गेलो. दारातच गर्दी. कोट घातलेली कुटुंबं, फुगे, कुणाचा तरी वाढदिवस. काउंटरवरच्या मुलीनं "पार्टी ऑफ फोर?" विचारून राजसच्या हातात नंबर आला की थरथरणारं छोटं यंत्र दिलं. वाजलं की या, तोवर थांबा. आम्ही भिंतीशी उभे राहिलो. अनिका राजसच्या खांद्यावर चढून "आबा, लुक! केक!" करत होती.

बाबा आत बघत होते. खिडकीपाशी एका बूथमध्ये, म्हणजे समोरासमोर दोन बाकं आणि मध्ये टेबल अशा कप्प्यात, एक म्हातारा एकटाच बसला होता. चौघांची जागा, समोर कॉफी. मला बाबांच्या मनात काय आलंय ते कळलं, पण कळेपर्यंत ते निघालेही होते.

"बाबा!" राजस हळू ओरडला. "अहो, इथं नाही चालत तसं!"

ते पोचले होते. जरा वाकून, स्वच्छ इंग्रजीत त्यांनी विचारलं, इथं जागा आहे का, आम्ही चौघं आहोत, लहान मूल आहे. आणि उत्तर यायच्या आधीच टेबलावर दोनदा टकटक केलं.

म्हातारा चकित होऊन त्यांच्याकडं बघत राहिला. वाईट माणूस नव्हता तो. "सॉरी सर," म्हणाला, "बायको गाडी पार्क करतेय. मुलगी पण येतेय." मग त्यानं नजरेनं काउंटरवरच्या मुलीला शोधलं. ती लगबगीनं आली आणि हसून, फारच हसून, म्हणाली, "सर, तुमचा नंबर आला की आम्ही बोलावू, ओके?" रांगेतल्या दोन-तीन माना वळल्या.

बाबा परत आले. कानाच्या पाळ्या लाल. हात पाठीमागं बांधलेले.

"बाबा, हे जर्मनी नाहीये यार," राजस पुटपुटला. त्याला वाईट वाटत होतं, म्हणून तो चिडला होता. त्याचं नेहमीच असं होतं.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "सवय लागली होती, बापा." मग थोडं थांबून, "आपण घरीच जाऊ. पोळीभाजी खाऊ. अन् ते तिकीट पाहून घे."

राजसनं हातातल्या यंत्राकडं पाहिलं. परत देऊन टाकावं की काय, असं. आम्ही दाराबाहेर पडलो असतो तर बाबा पुन्हा कधी कुणापाशी जाऊन असं विचारणार नव्हते. इथं तर नाहीच, नागपुरातही नाही.

आणि मला स्टुलं दिसली. आजवर कितीदा आलो असू तिथं, पण मूल असलं की माणूस बूथच बघतो. समोर जेवणाचा लांबच लांब काउंटर होता, त्याला गोल फिरणाऱ्या स्टुलांची रांग. तिथं एकेकटी माणसं खांद्याला खांदा लावून खात होती. कुणी कुणाचं नव्हतं, आणि केचपची बाटली मात्र या हातातून त्या हातात चालली होती. मधोमध दोन स्टुलं रिकामी होती. तिथं बसायला नंबर लागत नव्हता.

"बाबा, चला."

"कुठं? राहू दे, बेटा."

"चला म्हणते ना."

मी अनिकाला राजसकडून घेतलं आणि चालू लागले. पुन्हा कुणी नाही म्हटलं असतं तर मी त्यांना परत कुठल्या तोंडानं आणलं असतं? रिकाम्या स्टुलाशेजारी एक जाडसर गृहस्थ बसले होते, डोक्यावर टोपी, सकाळच्या वेळी समोर 'ॲपल पाय', सफरचंदाची गोड कचोरीच म्हणा. मी विचारलं, "इथं जागा आहे का?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. कोपर आत घेतलं, 'पाय'ची बशी सरकवली. "ऑल युअर्स."

बाबा कसेबसे चढून बसले. शेजारच्या स्टुलावर अनिकाला मांडीत घेऊन मी. राजस मागं उभा, हातात ते यंत्र धरून.

बाबांसमोर टोस्ट आणि परतलेले बटाटे आले. काही वेळ ते नुसतेच ताटाकडं बघत होते. मग त्यांचा हात खिशाकडं गेला.

"व्हॉट्स दॅट?" टोपीवाल्यांनी विचारलं.

"फ्लॅक्स सीड्स. चिली. माय वाइफ्स रेसिपी," बाबा म्हणाले. "ओन्ली लिटल. ॲट युअर ओन रिस्क."

टोपीवाल्यांनी चटणी 'पाय'वरच घातली! बाबा इतके हसले की अनिकाही हसायला लागली, कशाला ते न कळता. टोपीवाल्यांचं नाव रे. शनिवार सोडून एरवी इथं कुणी नसतं, म्हणाले. मंगळवारी सकाळी मात्र ते आणि त्यांच्यासारखे पाच-सहा रिकामटेकडे असतात. नागपूर म्हणजे संत्री, हे बाबांनी सांगितलं. रे यांना मात्र संत्री फक्त फ्लोरिडाचीच माहीत, यावर बाबांनी त्यांचा चांगलाच समाचार घेतला. "सुरी लागते ते काय संत्रं? आमचं नखानं सुटते." रे म्हणाले, बघितल्याशिवाय मानणार नाही.

मागं राजसच्या हातातलं यंत्र थरथरलं, दिवे लागले. आमचं टेबल तयार होतं. राजसनं त्याच्याकडं पाहिलं, वडिलांच्या पाठीकडं पाहिलं, आणि जाऊन ते परत देऊन आला. उभ्या उभ्याच माझ्या ताटातला टोस्ट उचलून खाल्ला.

निघताना बाबांनी काउंटरवर टकटक केलं. रे यांना त्याचा अर्थ माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी काटा खाली ठेवला आणि उलट टकटक केलं.

गाडीत अनिका झोपली. घराच्या वळणावर राजसनं घसा साफ करून विचारलं, "बाबा, मग ते महिनाअखेरचं... बघू का उद्या?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते, फुटपाथ जिथं सुरू होतो तिथं.

"स्वानंदी," ते म्हणाले, आणि थांबले. खिशातली डबी चाचपली. "मंगळवारी सकाळी तुला काही काम आहे का? म्हणजे, अनिकाचं आटोपल्यावर."

"नाही बाबा. का?"

"मला नेशील तिथं?"

"नेईन की," मी म्हटलं.

"अन् वाटेत इंडियन स्टोअरला थांब. त्या रेला दाखवायला जरा बरी संत्री पाहू," ते म्हणाले. मग राजसला, "तिकिटाचं राहू दे सध्या. नळ काय, गळतेच आहे."