जुळलेली सून

धाकटी सून गॅरेजच्या मागच्या खोलीत गाडीच्या सीटची कव्हरं शिवत होती. आत्याबाई स्वतः चहाचा कप घेऊन आल्या, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. सासऱ्यांच्या या बहिणीने लग्न झाल्यापासून तिला साधा पाण्याचा पेला पुढे केला नव्हता. आज मात्र अशी सून मिळायला भाग्य लागतं, असं म्हणत त्यांनी चक्क तिच्या पाठीवरून हात फिरवला.

या घरात सुनेचं कौतुक सुरू झालं, की तिच्या अंगातलं काहीतरी जाणार हे नक्की. थोरल्या जावेचंही असंच कौतुक झालं होतं. सासूबाईंच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा घरात दोन धडधाकट मुलगे होते, पण किडनी निघाली ती थोरलीची. मुलांना इंजिनं उचलायची असतात म्हणे! थोरली पाण्याची पिंपं उचलते ते कुणाच्या गावी नव्हतं. टाके ओले असतानाच तिला धुण्याला बसवलं. सासूबाई वर्षभराने गेल्या, आणि थोरली अजून पोटावर हात दाबून जिना चढते. आत्याबाई तिला नाटकी म्हणतात.

आता पाळी सासऱ्यांच्या यकृताची होती. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून नीट समजावलं होतं. एका प्रकारच्या काविळीचा विषाणू म्हाताऱ्याच्या अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहिला, त्याने यकृत हळूहळू कडक केलं, आणि त्या कडक झालेल्या यकृतात कॅन्सरची गाठ धरली. गाठ अजून लहान होती, बाहेर पसरली नव्हती. पण नुसती गाठ कापली तर उरलेलं यकृत काम ओढू शकणार नाही. म्हणून सगळंच आजारी यकृत काढून तिथे निरोगी माणसाच्या यकृताचा तुकडा बसवायचा. तोवर गाठ वाढू नये म्हणून मांडीतल्या नाहीतर मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून थेट गाठीपर्यंत औषध पोचवायचं. गाठ मोठी झाली किंवा पसरली, तर हा रस्ता बंद होईल आणि मग औषधांवरच भिस्त. तेव्हा रक्ताच्या नात्यातल्यांनी आधी तपासून घ्या, असं बाईंनी बजावलं होतं.

दोघे मुलगे एका सकाळी तपासायला म्हणून गेले आणि तोंडं पाडून परत आले. जुळत नाही, म्हणाले. मग धाकटीला नेलं, आणि तिचं जुळलं. घरात असा आनंद झाला, जसं काही तिनेच कॅन्सर बरा केला.

खरं सांगायचं तर तिने दिलंही असतं. सासरा जिभेने फटकळ, पण मनाने वाईट नव्हता. जाड कापडाचं मशीन चालवायला त्यानेच तिला शिकवलं होतं. फक्त कुणीतरी तिला एकदा विचारावं, एवढीच तिची भूक होती. नवऱ्यापाशी तिने हळूच विषय काढला, तर तो पाना पुसत म्हणाला, "परत वाढतं ना यकृत? मग तुझं जातंय काय?"

शेवटच्या मुलाखतीला डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीलाच आत घेतलं. तसा नियमच होता. देणाऱ्याचं यकृत काही महिन्यांत पुष्कळसं भरून येतं, हे त्यांनी सांगितलं. पण ऑपरेशन मोठं असतं, रक्तस्राव होऊ शकतो, पित्त झिरपू शकतं, क्वचित देणाऱ्याचा जीवही जातो, हेही लपवलं नाही. मग सहज विचारलं, मुलं तपासणीला का आली नाहीत?

धाकटीला आधी वाटलं, बाईंची काहीतरी गफलत होतेय. मुलं येऊन गेली, त्यांचं जुळलं नाही, असं ती सांगू लागली. बाईंनी मान हलवली. या घरातून सुईला हात पुढे केला होता तो एकट्या तिनेच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्या सकाळी दोघे भाऊ कुठेतरी चहा पीत बसले होते, आणि तिकडेच तिचं पोट फाडायचं ठरलं होतं! बाईंनी तिचा चेहरा वाचला आणि म्हणाल्या, मनात नसेल तर आम्ही सांगू, की तुम्ही या ऑपरेशनला योग्य नाही. खरं कारण कुणाला कळणार नाही, घरात त्रास होणार नाही. अशी पळवाट त्या नेहमीच ठेवत.

"खोटं त्यांनी बोलायचं, आणि झाकायचं मी?" धाकटी म्हणाली. "नको बाई. आज मी पळवाटेने सुटले, तर उद्या थोरल्या जाऊबाईंच्या पोरीला पुढे करतील. मी नाही म्हणतेय, आणि ते मीच सांगणार."

बाहेर सगळं घर बाकांवर बसलं होतं, सासरा चाकाच्या खुर्चीत. आत्याबाई हात पसरून पुढे आल्या. धाकटी त्यांना ओलांडून थेट म्हाताऱ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, मी देणार नाही. डॉक्टरांनी नाही म्हटलेलं नाही, मी म्हटलंय. तुमच्या मुलांचं रक्त जुळलं नाही, हे खोटं आहे. त्यांनी दिलंच नाही."

कुलटा, कृतघ्न, काय काय म्हणाल्या आत्याबाई. धाकटीला ते गोड लागलं. वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं आज व्याजासकट परत करताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. म्हाताऱ्याने बहिणीला हाताने गप्प केलं आणि मुलांकडे पाहिलं. पिवळ्या पडलेल्या त्या डोळ्यांना तोंड द्यायची दोघांचीही छाती झाली नाही. थोरला पुटपुटला, की गॅरेज कोण बघणार?

तेव्हा थोरली उठली. पोटावरचा हात तिने पहिल्यांदाच काढला. "मी बघेन," ती म्हणाली. "उठा. माझं देऊन झालंय."

दोघे तपासणीला गेले. जावा दारात उभ्या राहिल्या, कोणी निसटू नये म्हणून. थोरल्याच्या रक्तात बापाचाच विषाणू सापडला. तो देऊ शकत नव्हता, पण वेळेवर कळलं म्हणून औषध आणि नियमित तपासण्या सुरू झाल्या. बायकोच्या आड लपलेला हा शहाणा स्वतःचाच आजार पोसत बसला होता! धाकट्याचं सगळं जुळलं.

ऑपरेशनचा दिवस ठरला त्या संध्याकाळी तो मागच्या खोलीत आला. पांढराफटक पडला होता. त्याने विचारलं, "मला काही झालं तर?"

तिने मशीन थांबवलं. हाच प्रश्न त्याने तिच्यासाठी विचारावा म्हणून ती महिनाभर झुरली होती.

"परत वाढतं ना?" ती म्हणाली. "मग तुमचं जातंय काय?"

आणि तिने पायडल मारलं. वाचकहो, ही बाई दगडाची वाटली असेल, तर उठा, आणि आपल्या घरातल्या बाईला 'तुला काही झालं तर?' हे शेवटचं कधी विचारलं होतं ते आठवून बघा.