सव्वापाचला कापलेलं नाव

सुरुवात

पेट्रानं टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि म्हणाली, "अर्लीन, स्टेशनबद्दल आठवेल ते सांगा."

पेट्रा इथे गावच्या लायब्ररीत काम करते. आमच्या जुन्या रेडिओ स्टेशनच्या आठवणींचं प्रदर्शन लावतेय. तिथे काम केलेल्यांपैकी जिवंत मी एकटीच, म्हणून मला सगळं आठवतं असं धरून चाललेत. शेजारी वेंडेल गर्ट्झ आणि त्याची बायको लोरेटा. वेंडेलनं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मी सांगितलं: एएमवर अकराशे नव्वद. दिवसभर रॉक अँड रोल. कॅन्ससच्या आमच्या भागात तेव्हा गहू होता, चर्च होतं आणि आम्ही होतो. फोन मी घ्यायची. कोण कुणासाठी गाणं मागतंय ते चिठ्ठीवर लिहून काचेच्या फटीतून निवेदक बक टॅलमनला सरकवायची. बक ते वाचायचा. त्याच्या आवाजात वाचलं की टोमणासुद्धा प्रेमपत्र वाटायचा.

जाहिरात

बकही असाच बोलता बोलता जाहिरातीला थांबायचा. टायर घ्यायचे तर शुल्त्झ बंधूंकडेच. चारावर एक फुकट नाही, पण कॉफी फुकट. शुल्त्झ बंधू वारले. टायर अजून चालताहेत.

सूर्यास्त

परवाना उगवतीपासून मावळतीपर्यंतचा. अंधार पडला की एएमच्या लहरी लांब जातात, दुसऱ्यांच्या स्टेशनवर चढतात. म्हणून सरकारनं दर महिन्याची वेळ छापून दिली होती. डिसेंबरात सव्वापाच. इंजिनियर क्लाइड बरोबर सव्वापाचला खटका पाडून स्टेशन बंद करायचा. गाणं संपलं का, हे त्यानं कधी विचारलं नाही. गावातल्या प्रेमाला उन्हाळ्यात आठपर्यंत मुदत असे. हिवाळ्यात लवकर उरकावं लागे.

वेंडेलची गोष्ट (गावाला पाठ आहे)

"चौसष्ट सालचा डिसेंबर. शुक्रवार. मी ट्रकमध्ये. बक म्हणाला, 'हे गाणं वेंडेल गर्ट्झसाठी, तोंडावर सांगायचं धाडस नाही म्हणून इथून सांगतेय—' आणि खट्! स्टेशन बंद. नाव राहिलं. पण मी काय कच्चा आहे? लोरेटाच असणार म्हणून सरळ हिच्या दारात. म्हटलं, आभारी आहे. ही म्हणते, 'त्यात काय एवढं.' झाली साठ वर्षं."

"एकोणसाठ," लोरेटा म्हणाली.

प्रदर्शनातल्या पाटीवर वेंडेलला ते वाक्य पूर्ण हवं होतं, लोरेटाच्या नावासकट. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. पेट्रानं कागद पुढे केला.

हवामान

वारा पश्चिमेकडून, खिडकीतून आत. कागद उडू नये म्हणून लोरेटानं त्यावर पर्स ठेवली.

सूर्यास्त, पुन्हा

त्या दिवशी फोन आलाच नव्हता. चिठ्ठी माझी होती आणि नावही माझंच. बकनं टायरांच्या जाहिरातीवर चाळीस सेकंद जास्त घालवले, म्हणून ते राहिलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या डेललाही नाही. तो चांगला नवरा होता आणि काही विचारायचा नाही. आयुष्यात धाडस म्हणावं असं मी एकदाच केलं. आता सही केली की ते मी केलंच नाही असं ठरणार होतं, तेही माझ्याच अक्षरात.

"नाव अर्लीन होतं," मी म्हणाले.

"कोण अर्लीन?" वेंडेल म्हणाला.

"अरे, गावात अर्लीन किती होत्या?" लोरेटानं विचारलं.

त्यानं खरंच मोजल्या. "दोन. ती कोंबड्यावाली—"

"ती तेव्हा सत्तरीची होती, वेंडेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग लोरेटाकडे वळला. "मग मी आभार मानले ते तू घेतलेस कशाला?"

"मला वाटलं, ॲपल पायबद्दल बोलतोयस. आदल्या दिवशी तुझ्या आईकडे सफरचंदं भरून भाजून दिला होता मी."

"आणि नंतर?"

"नंतर कळलं. तोवर तुझं सगळ्या गावाला सांगून झालं होतं. आणि मलाही तू बरा वाटायला लागला होतास."

रेकॉर्डर बंद करू का, असं पेट्रानं विचारलं. तो चालू राहिला.

परतताना

मला घरी सोडायला नेहमी वेंडेलच येतो. लोरेटा आपणहून मागे बसली. "तू बस गं पुढे," म्हणाली. "आज तरी."

घर अकरा मैलांवर. माझ्या दारात गाडी थांबली.

"दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायची होतीस बकला चिठ्ठी," वेंडेल समोर बघत म्हणाला. "सकाळी स्टेशन सुरू व्हायचंच की."

"दुसऱ्या दिवशी सकाळी तू लोरेटाला घेऊन स्टेशनात आलास. बकचे आभार मानायला. बकनं माझ्याकडे बघितलं, मी नको म्हणून मान हलवली. मग तुम्हा दोघांना कॉफी दिली."

इंजिन चालू होतं.

"आठवतंय," तो म्हणाला. "मी दोन चमचे साखर घेतली होती."

"तीन," मी म्हणाले आणि उतरले.