बिननावाची घागर

माणूस मुळात चांगला की वाईट, हे १९५४ साली टेंभुर्णीत आठ दिवसांत ठरायचं होतं. ठरवणारे आम्ही चौघं होतो. चौथा मी, आणि माझं मत कुणी विचारलेलं नव्हतं, तेव्हा तिघं म्हटलं तरी चालेल.

गावात नवं वाचनालय निघालं होतं. दर शनिवारी तिथे विचारमंडळ भरायचं. भालचंद्रराव हैदराबादेत दोन वर्षं तत्त्वज्ञान शिकून आलेले. तिसऱ्या वर्षी काय झालं ते सांगत नसत. माणूस जन्मतः सज्जन, समाज त्याला बिघडवतो, असं त्यांचं म्हणणं. नरहरराव निजामाच्या काळापासूनचे पटवारी. तीस वर्षं त्यांनी माणसं पाहिली होती आणि माणसांनी त्यांना. त्यामुळे माणूस मुळात चोर, यावर ते ठाम होते. बद्रीनाथशेठचं कापडाचं दुकान. जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं. मी शाळेतला मास्तर. बोलत नाही म्हणून मला चिटणीस केलं होतं.

महिनाभर वाद घालून झाल्यावर भालचंद्ररावांनी प्रयोग सुचवला. शेठजींनी एक नवी पितळी घागर द्यायची, ती विहिरीच्या कठड्यावर ठेवायची, आणि गावात कुणाला काही सांगायचं नाही की विचारायचं नाही. आठ दिवस राहिली तर माणूस चांगला, गेली तर वाईट. मी ते वहीत लिहून घेतलं. यात काहीतरी चुकतंय असं मला वाटलं होतं, पण तसं मला सगळ्याच गोष्टींत वाटतं.

तीन दिवस घागर हलली नाही. भालचंद्रराव रोज संध्याकाळी लांबून बघून यायचे, आणि त्यांची मान दिवसाला बोटभर उंच व्हायची. चौथ्या दिवशी घागर नव्हती. नरहररावांनी आम्हाला घरी नेऊन चहा पाजला. मानवजात चोर ठरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पण मानवजातीला पकडून आणता येत नाही. मग कचरू आठवला. तो वाचनालय झाडायचा आणि पहाटे विहिरीवरून पाणी आणून माठ भरायचा. पहाटे विहिरीवर पहिला तोच, एवढं नरहररावांना पुरलं. संध्याकाळपर्यंत कचरू चोर, एवढं गावालाही पुरलं; काय चोरलं ते कुणी विचारलं नाही. कचरूच्या मुलीची सोयरीक जुळत आली होती. जाफराबादचे पाहुणे सोमवारी यायचे होते. चोराच्या घरची मुलगी कोण करणार?

शुक्रवारी जेवताना उमा, माझी बायको, सहज म्हणाली की पलीकडच्या आळीतल्या गोजरबाईच्या घरी एक घागर पडून आहे आणि तिला धनी सापडेना. आमच्या विहिरीचा रिवाज असा, की कुणाचं भांडं मागे राहिलं तर शेवटचं पाणी भरणारी बाई ते घरी नेते आणि त्यावरचं नाव कुणाकडून तरी वाचून घेऊन पोचतं करते. गावात नाव न घातलेली वाटीसुद्धा सापडायची नाही. या घागरीवर नाव नव्हतं. ते घालायचं तिघा विचारवंतांना सुचलं नाही, कारण त्यांच्यातल्या कुणी जन्मात पाणी भरलेलं नव्हतं. मीही भरलं नव्हतं. बिननावाची घागर म्हणजे कुणीतरी टाकलेला उतारा, असं समजून बायका तीन दिवस पदर सावरून तिला वळसा घालून गेल्या. चौथ्या दिवशी गोजरबाईनं ती उचलली. तिनं दारुड्या नवऱ्याबरोबर वीस वर्षं काढली होती, तिला भुतांचं काय? तेव्हापासून ती घरोघर विचारत फिरत होती.

मी उमाला सगळं सांगितलं.

"मग आत्ताच जाऊन सांगा," ती म्हणाली.

सभेची गोष्ट सभेत मांडलेली बरी, असं मी म्हणालो. रात्री एका कागदावर एक वाक्य लिहिलं: घागर गोजरबाईंकडे सुरक्षित आहे. मग 'सुरक्षित' खोडून 'सुखरूप' केलं, आणि पुन्हा 'सुरक्षित'.

शनिवारी कचरूला दारात उभं केलं होतं. नरहररावांना पोलीस पाटील हवा होता. भालचंद्रराव म्हणाले, यात कचरूचा दोष नाही, समाजानं त्याला बिघडवलं. त्याला कामावरून काढावं, पण प्रेमानं. शेठजींना दोन्ही पटलं.

"म्या घेतली न्हाई," कचरू म्हणाला. "रोज पानी भरतो. कुनाचा तांब्या बी हलवला न्हाई कधी."

त्यानं एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहत राहिला. भालचंद्ररावांनी विचारलं, चिटणिसांना काही सांगायचं आहे का?

"नोंद झाली आहे," मी म्हणालो, आणि हातात काढलेला रात्रीचा कागद पुन्हा वहीत घातला.

घरी उमानं माझा चेहरा बघितला, आणि रविवारी सकाळी गोजरबाईला घेऊन भर रस्त्यानं वाचनालयात आली. कालच्या ठरावावर सह्या करायला आम्ही चौघं तिथे जमलो होतो. सगळ्या गावानं घागर जाताना पाहिली. गोजरबाईनं ती माझ्या वहीवर ठेवली.

"कुनाची हाये ही? नाव घालाया हात मोडले व्हते का?"

शेठजींनी शाळेतल्यासारखा हात वर केला. गोजरबाईनं झालेलं सगळं सांगितलं. ती पायऱ्या उतरते न उतरते तोच भालचंद्रराव म्हणाले, बाईनं घागर सांभाळली, म्हणजे माणूस चांगलाच. नरहरराव म्हणाले, तीन दिवस टिकली ती भुताच्या धाकानं. वाद दुपारपर्यंत चालला. त्यात कचरूचं नाव आलं नाही. सोमवारी पाहुणे आले आणि सोयरीक ठरली. ते आमच्यामुळे नाही.

कचरू कामावर परत आला नाही. माठ कोरडा पडला. तत्त्वज्ञानानं घसा फार सुकतो, तेव्हा पुढच्या शनिवारी चिटणिसाला घागर घेऊन पाठवण्यात आलं. मी विहिरीवर पोचलो तेव्हा कळलं की दोर आणलेला नाही. कचरू तिथे बैलांसाठी पाणी ओढत होता.

मी त्याला सांगितलं की मला शुक्रवारीच कळलं होतं.

"ठाऊक हाये मास्तर," तो म्हणाला. "सभेत म्या तुमच्याकडंच बघून राह्यलो व्हतो. तुमी कागद काढला आन परत वहीत घातला."

मला वाटलं, आता तो शिवी देईल. त्यानं पोहरा सोडून दोर माझ्या हातात दिला आणि बैलांकडे वळला. घागरीचं तोंड दोराच्या फासात कसं अडकवायचं, हे मला येत नव्हतं, आणि मी त्याला विचारलंही नाही.