एका टीपॉयच्या डुगडुगत्या पायाची गोष्ट

मी एक जुना टीपॉय आहे. मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही, पण तोंडाला कुलूप लावून बसलेल्या शेकडो बापांना मी बोलतं केलं आहे. आणि त्याचं बक्षीस काय? दगा!

सुतारानं मला घडवलं, तेव्हा माझे पाय इतके भक्कम होते की तो स्वतः माझ्यावर चढून नाचला. पुढे मी कुटुंबांना समुपदेशन करणाऱ्या एका बाईंच्या खोलीत आलो. तिथे आया बोलायच्या, मुलं रडायची. बाप मात्र दाराजवळची खुर्ची धरून घड्याळ बघायचे. "बाईच त्या, आमच्या हिचीच बाजू घेणार!" म्हणून एकदा शेजारच्या खोलीतल्या समुपदेशक सरांना बसवून पाहिलं. तर बाप आणि सर, दोघेही छाती काढून बसले. हार मानायला कुणीच तयार नाही.

मग मला दुखणं जडलं. बाप आले की माझा डावा पाय डुगडुगायचा. ते खाली बसून नट पिळायचे. हात कामात आणि मान खाली असली की मनातलं आपसूक बाहेर यायचं. मला वाटे, म्हातारपण आलं. बाई मला रोज मायेनं पुसायच्या.

मागच्या आठवड्यात एक लिफ्ट-मिस्त्री आले. लेकीची खासगी वही वाचून त्यांनी नातेवाइकांत हशा पिकवला होता. दोन महिने ती त्यांच्याशी चकार शब्द बोलली नव्हती.

माझा नट पिळता पिळता ते पुटपुटले, "चुकलंच माझं. आता पुढच्या खेपेलाही पोरगी गप्प राहिली, तर मी काही यायचा नाही."

काल लेक आधी येऊन दारात थबकली. आत बाईंनी ड्रॉवरमधून पाना काढला आणि माझा नट ढिला केला. अकरा वर्षं हेच चाललं होतं, मित्रांनो! मला दुखणं नव्हतंच. वस्तूंना जपा, असं सांगणार होतो; आता म्हणतो, जपणाऱ्याच्या हातात काय आहे तेही बघा.

मिस्त्री आले. मी डुगडुगलो. त्यांचा चेहरा पडला.

"मी पिळलेला नट आठवड्यात ढिला?"

"तुमचा दोष नाही हो, लाकूडच जुनं झालंय," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी पिशवी उचलली. "राहू द्या बाई. ज्याला टीपॉय सांभाळता येत नाही, तो घर काय सांभाळणार!"

कोपऱ्यात बसलेली लेक ताडकन उठली.

"बाबा, थांबा! तुमचं काम पक्कंच होतं. बाई खोटं बोलतायत, पाना त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे!"